नऊ बोटांचा स्वयंपाक

प्रिय दादा,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. बाबा ठणठणीत आहेत, कुणी पडलेलं नाही, कुणाला दवाखान्यात नेलेलं नाही. रोज फोनवर बोलत असताना ही बया पत्र कशाला लिहीत बसली, असं तुला वाटणार. फोनवर तुझं "बरं, पुढे?" आलं की मी मधलं सगळं गाळून शेवटाला येते, आणि या वेळी मधलंच सांगायचंय. दुपारी दोन ते चार आमच्या चष्म्याच्या दुकानात चिटपाखरू नसतं. काचा पुसून झाल्यात, मालक जेवायला गेलेत. कुरिअरवाला म्हणतो, परवा तुझ्या हातात पडेल. म्हणजे शनिवारच्या आत.

शनिवारी तू बाबांना तुमच्याकडे न्यायला येतोयस, कायमचं. हे तुझं-माझं ठरलेलं. मी त्यांना "महिनाभर हवापालट" असं सांगायचं, त्यांची बॅग भरायची, घराचं काय ते मागाहून बघायचं, हेही ठरलेलं. मी हो म्हणाले होते. ते मी विसरलेले नाही, हे आधीच सांगते.

दूध करपलं त्या दिवसाबद्दल तू ऐकलंस, मी पाहिलंय. आईला जाऊन तीन महिने झाले होते. बाबांनी पातेलं गॅसवर ठेवलं आणि गॅलरीत जाऊन पेपर उघडला. शेजारच्यांनी दार बडवलं तेव्हा स्वयंपाकघर धुरानं भरलेलं, पातेल्याचा तळ काळाठिक्कर, आणि हे दार उघडून त्यांनाच विचारतायत, "कशाचा वास येतोय हो?" मग तू आलास. सिलिंडरवरचा रेग्युलेटर काढलास, रुमालात गुंडाळलास आणि माझ्या पर्समध्ये टाकलास. बाबा तिथेच उभे होते. लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घेतली तर ते भोकाड तरी पसरतं. हे गॅलरीत जाऊन पेपरची घडी घालत बसले. दुसऱ्या दिवसापासून डबा लावला. डबा चांगला होता, मी चाखून पाहिला होता. तरी बाबांचा शर्ट खांद्यावरून उतरायला लागला, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. आणि पुढेपुढे तर रविवारी अकराला तुझा नेमाचा फोन गेला की तो उचलेनासे झाले. "कानही गेले आणि भानही गेलं," असं तू म्हणालास. मी वाद घातला नाही, कारण त्यांचं काय चाललंय हे तोवर मला कळलेलं असूनही तुला सांगायचा धीर माझ्यात नव्हता. ते आता सांगते.

चार महिन्यांपूर्वी एका रविवारी मी गेले तर घराला कुलूप. फोन आतच वाजतोय. कुणाला हाक मारावी या विचारात जिन्यात उभी होते, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून बाबांचा आवाज आला, "अहो पण मास्तरीणबाई, लालसर म्हणजे किती लालसर?" मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. वर राहणाऱ्या ब्रह्मदेशी सिस्टरचं दार सताड उघडं. आत ओट्यापाशी आपले बाबा, वय वर्षं शहात्तर, ज्यांनी जन्मात कधी स्वतःचा चहाचा कप विसळला नाही ते, कारखान्यातला जुना संरक्षक चष्मा डोळ्यांवर चढवून कांदा चिरत होते. मला पाहून लाजतील म्हणावं तर कुठलं काय. म्हणाले, "बघ, यानं डोळ्यांत पाणी येत नाही. सोळा वर्षं ड्रॉवरमध्ये नुसता पडला होता."

सिस्टरला तू जिन्यात पाहिलं असशील. बुटकी, केस आवळून बांधलेले, चालणं असं की समोरच्यानं बाजूला व्हावं. हाडांच्या वॉर्डात असते. बावीस वर्षं झाली तिला इथे येऊन, आपली भाषा ती आपल्यापेक्षा मोठ्यानं बोलते. मी एकदा शहाणपणानं विचारलं की आता म्यानमार म्हणायचं ना, तर म्हणाली, "काही म्हण, भात तोच आहे." झालं होतं असं की बाबा भरलेला डबा घेऊन इमारतीच्या मागच्या कुत्र्यांकडे निघाले असताना तिनं त्यांना जिन्यात गाठलं. "कुत्री जाड होतायत आणि तुम्ही बारीक होताय काका, हे उलटं चाललंय." बाबा म्हणाले, चव लागत नाही. ती म्हणाली, मग स्वतः करा. बाबा म्हणाले, मला येत नाही. "का? हाताला दहा बोटं आहेत ना?" बाबांनी डावा हात पुढे केला आणि म्हणाले, "नऊ." बाबा सांगतात, तिनं तो हात धरून तपासला, जखम नीट भरलीय की नाही ते पाहिलं (चाळीस वर्षांपूर्वीची जखम!) आणि म्हणाली, "नऊ पुष्कळ झाली. रविवारी अकराला या. हात धुऊन या."

तिनं त्यांना पहिले तीन रविवार फक्त कांदा तळायला लावला. तुला हसू येईल, मलाही आलं होतं. पण मी तिच्या स्टुलावर बसून बघत राहिले आणि हसू कुठे गेलं ते कळलं नाही. पातळ चिरलेला कांदा, भरपूर तेल, बारीक आच, आणि ढवळत राहायचं. आधी बराच वेळ काहीच होत नाही. मग तेलाचा आवाज बदलतो. मग एकदम वास बदलतो, आणि वाळल्या गवताच्या रंगाचा झाला की बाहेर काढायचा, कारण बाहेर आल्यावरही तो स्वतःच्या उष्णतेनं लाल होत राहतो. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, दादा. मी लाल झाल्यावर काढते आणि मग तो काळा पडतो, आणि मी कांद्याला नावं ठेवते. एका बरणीत कुरकुरीत कांदा, दुसरीत ते सोनेरी तेल. सिस्टर म्हणते, या दोन बरण्या घरात असल्या की अर्धा स्वयंपाक झालेलाच असतो, उरलेला अर्धा कुणीही करील. बाबांनी काय केलं असेल? दुसऱ्या रविवारी खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला. प्रत्येक काप दीड मिलिमीटर. सिस्टरनं कपाळाला हात लावला. पण कांदा तळला गेला तेव्हा एकूण एक काप एकाच क्षणी, एकाच रंगाचा झाला. ती कढईत वाकून बघत राहिली. म्हणाली, "माझ्या आईचासुद्धा असा होत नाही." बाबांनी पाठ वळवून चष्मा पुसला. कांद्यानं पाणी येत नव्हतं ना, तरी.

चौथ्या रविवारी भात. आदल्या दिवशीचा, गार, मोकळा. त्यावर ते कांद्याचं तेल, मीठ, चिमूटभर हळद, आणि सगळं आधी हातानंच चोळायचं, प्रत्येक शिताला तेल लागेल असं. मग तापल्या कढईत परतायचा, उकडलेले वाटाणे टाकायचे, वरून मूठभर कुरकुरीत कांदा. संपलं. मी विचारलं, एवढंच? सिस्टर म्हणाली, "एवढंच. आमच्याकडे सकाळी शाळेत जाणारी सगळी पोरं यावरच वाढतात." बाबांनी ती ताटली माझ्यापुढे ठेवली आणि समोर उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून. नवा सुटा भाग तपासायला दिल्यावर साहेबासमोर उभे राहत असतील तसे. दादा, मी पंचेचाळीस वर्षांची आहे. बाबांच्या हातचं मी तेव्हा पहिल्यांदा खाल्लं. चव कशी होती हे मला लिहिता येत नाही. एवढंच सांगते, दोन घास खाल्ल्यावर मी मान खाली घातली आणि ताटली रिकामी होईपर्यंत वर केली नाही. बाबांनी तेवढ्यात तीनदा विचारलं, "मीठ?"

मग ती टोहूची गोष्ट. टोहू म्हणजे चण्याचं पीठ, पाणी, मीठ, हळद, बस्स. हे पातळसर कालवून गॅसवर ठेवायचं आणि ढवळायचं, थांबायचं नाही. घट्ट झालं की डब्यात ओतून गार करायचं, मग त्याच्या चक्क वड्या पडतात, हलवल्या तर थरथरणाऱ्या. वर तेल, कांदा, लिंबू, तिखट. बाबांनी पहिल्या वेळी घड्याळ लावलं होतं, बारा मिनिटं. वहीत आकृती काढली होती, जाडी बावीस मिलिमीटर, अधिक-उणे एक. पुढच्या खेपेला सिस्टरला चार माणसांना द्यायचं होतं म्हणून दुप्पट पीठ घेतलं. बरोबर बारा मिनिटांनी बाबांनी गॅस बंद केला. सिस्टर बाहेर फोनवर होती. दुसऱ्या दिवशी डबा उलटा केला तर ओट्यावर पिवळा पूर. ओट्यावरून जमिनीवर, जमिनीवरून सिस्टरच्या चपलांत. ती हसेल असं वाटलं होतं, पण ती रागावली. "काका, जेवायला घड्याळाला बोलावलंय का? पातेल्यात बघा ना! ते सांगतंय की झालं नाही म्हणून!" बाबांचा चेहरा पडला. चाळीस वर्षं ज्या माणसाचा माल कधी परत आला नाही, त्याचा माल वाहून गेला होता. त्यांनी गुडघे टेकून फरशी पुसली. चपलाही धुतल्या. मला वाटलं, आता हे काही परत वर जात नाहीत.

पुढच्या रविवारी ते गेले. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि पातेल्यासमोर उभे राहिले. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघत होते. पंचवीस मिनिटं, दादा. एक हात कडेला टेकलेला, दुसऱ्यात चमचा, पाय किंचित फाकलेले, नजर पातेल्यात. पीठ खदखदलं, जडावलं, मग एकाएकी त्याच्यावर चकाकी आली आणि चमच्याचा माग मागे राहायला लागला. तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. साडेअकरा, त्या दिवशी तुला उशीर झाला होता. तूच होतास. मी म्हणाले, बाबा, दादाचा फोन. त्यांनी पापणीही हलवली नाही. म्हणाले, "मशीन चालू आहे."

त्यांना ऐकू येत होतं. फोन वाजलेलाही आणि मी बोललेलंही. तू जिथे भान गेलं म्हणालास, तिथे मी इतकं भान कुणात पाहिलेलं नाही.

पातेलं उतरवल्यावर त्यांनी सांगितलं. बोट गेलं ते कुणीतरी मागून हाक मारली आणि यांनी मान वळवली म्हणून. त्यानंतर लेथ चालू असताना ते कधी पाणी प्यायलासुद्धा हलले नाहीत. आग लागल्याची बोंब झाली तरी आधी मशीन बंद, मग आग. मी विचारलं, मग त्या दिवशी दुधाचं काय झालं? त्यांनी त्या पिवळ्या डब्याची कड फडक्यानं पुसली. म्हणाले, "ते मशीन आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सेहेचाळीस वर्षं स्वयंपाकघर आपोआप चालताना पाहिलं ना." सिस्टर बरण्यांची झाकणं लावत होती, तिचे हात थांबले. आपोआप! आई दिवसातून चार वेळा त्या ओट्यापाशी उभी राहायची, तिच्या टाचांना भेगा पडायच्या, आणि आपण तिघंही ताटाकडे बघत असायचो. बाबा एकटे नाही, मी आणि तूसुद्धा.

आता तू चिडशील असं एक सांगते. रेग्युलेटर मी दीड महिन्यापूर्वीच नेऊन बसवला. तुला विचारलं नाही. बाबांनी आधी शेगडी उलटी करून सगळी छिद्रं तारेनं साफ केली, नळीचं टोक साबणाच्या फेसानं तपासलं, आणि भिंतीला एक कागद चिकटवला. त्यावर कारखान्यातल्या मोठ्या अक्षरांत दोनच ओळी आहेत: "मशीन चालू असताना जागा सोडू नये. पाळी संपताच मुख्य कॉक बंद." डबा बंद केला. पट्टा पुन्हा जुन्या भोकावर आलाय. कुत्री मात्र नाराज आहेत.

परवाच्या रविवारी त्यांनी आम्हा दोघींना खाली जेवायला बोलावलं. नारळाच्या दुधातल्या नूडल्स. कोंबडी त्यांनी स्वतः शिजवली, हाडांपासून सोडवली, रश्शाला दाटपणा यावा म्हणून चण्याचं पीठ कालवून लावलं, आणि एकदाही वर जाऊन विचारून आले नाहीत. टेबलावर सात लहान वाट्या ओळीनं. उकडलेल्या अंड्याच्या फोडी, कच्चा कांदा, तळलेला कांदा, कोथिंबीर, कुरकुरीत तळलेल्या नूडल्स, तेलातली लाल मिरची, लिंबू. मी माझ्या सवयीनं लिंबू उचललं आणि सगळ्यांच्या वाडग्यांत पिळायला निघाले. तुला माझी सवय माहीत आहे, मी तुझ्या चहातही न विचारता साखर घालते. सिस्टरनं माझं मनगट धरलं. "अगं ए, आपला वाडगा आपण पुरा करायचा. कुणाला आंबट हवं, कुणाला तिखट, तुला काय ठाऊक? दुसऱ्याच्या वाडग्यात हात नाही घालायचा." मी लिंबू खाली ठेवलं. दादा, इतकी साधी गोष्ट आहे. रांधणारा रांधतो आणि शेवटचा हात खाणाऱ्याचा. मी मात्र आयुष्यभर सगळ्यांच्या वाडग्यांत लिंबू पिळत आले.

आणि त्याआधी आणखी एक झालं. सिस्टर कुठेही जेवायला बसली तरी पहिला चमचा बाजूला काढते. तिकडे घरातल्या मोठ्यांना आधी वाढतात, आणि मोठं माणूस समोर नसेल तर त्याच्या नावानं पहिला चमचा बाजूला ठेवतात. तिची आई तिकडे आहे, ब्याऐंशी वर्षांची, नऊ वर्षांत भेट नाही. बावीस वर्षं एक जेवण चुकलेलं नाही, नाइट ड्यूटीच्या डब्यातलंसुद्धा. तिनं चमचा काढला तर बाबांनीही एक छोटी वाटी पुढे ओढली आणि चमचाभर रस्सा, दोन नूडल्स तीत घातल्या. मला वाटलं आजीसाठी किंवा आजोबांसाठी. मी विचारलं तर म्हणाले, "तुझ्या आईसाठी." मी म्हणाले, पण आई तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होती की. बाबा वाटी सरळ करत म्हणाले, "या खात्यात तीच सीनियर."

जेवण झालं, सिस्टर ड्यूटीवर गेली. मी मनाशी म्हणाले, आता सांगायलाच हवं. आतल्या खोलीत गेले, कपाटावरची बॅग काढली, धूळ झटकली आणि "हवापालट" हा शब्द तोंडात घोळवत बाहेर आले. बाबा वाडगे पुसत होते. माझ्या हातातल्या बॅगेकडे पाहून म्हणाले, "दादा शनिवारी मला न्यायला येतोय ना?" गॅलरीतून तुझ्याशी बोलताना माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला होता, महिन्यापूर्वीच. महिनाभर त्यांना ठाऊक होतं, आणि तरी ते दर रविवारी मला जेवू घालत होते. रागावले नाहीत रे. म्हणाले, "तुम्ही दोघांनी ठरवलंय तर मी जाईन, भांडणार नाही. फक्त त्याला एवढं विचारून ठेव, तिकडे मला स्वयंपाकघरात उभं राहू देतील का." बॅग मी परत कपाटावर ठेवली. लहानपणी तू जिथे जाशील तिथे मी मागे, म्हणून तू मला शेपूट म्हणायचास, आणि तुझ्या होला माझा हो हे आपल्या घरात कुणी विचारायचीही गरज नव्हती. दादा, माझा हो मी परत घेतेय. फोनवर हे मला म्हणता आलं नसतं, तू पाच मिनिटांत माझं मन वळवलं असतंस, म्हणून हे पत्र. तू शनिवारी ये, जरूर ये, पोटात भूक ठेवून ये. बाबा तुझ्यासाठी काय करायचं याच्या विचारात आत्तापासून आहेत. जेवून झाल्यावर त्यांचा प्रश्न त्यांच्या तोंडून ऐक, आणि तुला काही विचारायचं असेल ते त्यांनाच विचार, समोर बसून. त्यांच्या वतीनं मी यापुढे कुणालाही उत्तर देणार नाही.

तुझीच, आणि या वेळी तुझ्या मागून न येणारी,
शेपूट